ओळखीचा राग, परका उंबरठा : हिंदुस्थानी कानांनी कर्नाटक संगीत कसं ऐकावं

डोंबिवलीत आमच्या मजल्यावर एक तमिळ कुटुंब राहायचं. पहाटे सहाला त्यांच्याकडे टेप सुरू व्हायचा आणि भिंतीपलीकडून येणारं गाणं ऐकत मी दहा-बारा वर्षं दात घासले. एवढ्या वर्षांत त्यातली एक ओळ मला कधी गुणगुणता आली नाही. कान अगदीच अडाणी होता असंही नाही. घरात आकाशवाणीवरची नाट्यपदं, भीमसेनांची अभंगवाणी, वडिलांच्या कॅसेटींच्या खोक्यात कुमारजी आणि किशोरीताई. तरी शेजारचं गाणं कानावर आलं की वाटायचं, ही माणसं एका सुरावर घटकाभर टेकत का नाहीत? आणि इतकी घाई कसली?

पुढे त्याच गाण्याची मला चटक लागली. पण ती आपोआप लागली नाही, लावून घ्यावी लागली. ती कशी, ते इथे सांगतो. तुम्हाला यमन-भूप ढोबळमानाने ओळखता येत असतील, तबल्यावर तीनतालाची सम कळत असेल, तर एवढ्या भांडवलावर तीन-चार महिन्यांत काम होतं. स्वरज्ञान नसेल तरी हरकत नाही, थोडा वेळ जास्त लागेल.

आधी एक पथ्य

एका वेळी एकच गाणं. यूट्यूबवर "सर्वोत्तम शंभर कृती" (कृती म्हणजे तिकडची बांधीव गाण्याची रचना) अशा याद्या असतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. लग्नाच्या मांडवात एका दिवसात दीडशे जणांशी ओळख होते आणि दुसऱ्या दिवशी एकाचंही नाव आठवत नाही, तशातली गत होते. एक कृती निवडायची, तिचं एकच ध्वनिमुद्रण निवडायचं आणि पंधरा दिवस रोज एकदा ऐकायचं. पहिले चार-पाच दिवस भाजी निवडता निवडता ऐकलं तरी चालेल. नंतर मात्र हातातलं काम बाजूला ठेवा. आठव्या दिवसाच्या आसपास कंटाळा येतो. माझा अनुभव असा की तो कंटाळा ओलांडला की पुढच्या दोन-तीन दिवसांत गाणं अचानक उलगडतं: आधी गिचमीड वाटलेल्या जागी ओळी दिसू लागतात.

शोधण्याबद्दल एक बारीक गोष्ट, जी मला कुणी सांगितली नव्हती. रोमन लिपीत टंकताना दक्षिणेत "त"साठी टी-एच लिहितात आणि अनेक रागांच्या नावांच्या शेवटी एम येतो. आपल्या सवयीने लिहून शोधलं तर हवं ते सापडायला उशीर लागतो. कृतीचं नाव, रागाचं नाव आणि गायकाचं नाव अशी तिन्ही टाकली की नेमकं मिळतं.

पहिली पायरी: ज्या घरी आधीच जाऊन आलात तिथून

"भाग्यदा लक्ष्मी बारम्मा" तुम्ही ऐकलेलं असणार. भीमसेन जोशींनी ते महाराष्ट्रात घरोघरी नेलं. ही पुरंदरदासांची कानडी रचना. पुरंदरदास सोळाव्या शतकातले, कर्नाटक संगीताचे पितामह मानले जातात. त्यांची नाममुद्रा "पुरंदरविठ्ठल", म्हणजे शेवटच्या ओळीत पंढरीचा विठोबा हजर. आपल्याकडे "तुका म्हणे" येतं तसंच.

भीमसेनांचं "भाग्यदा" पुन्हा एकदा ऐका आणि लगेच एखाद्या कर्नाटक गायिकेचं ऐका. शब्द तेच. फरक कागदावर लिहून काढा, अगदी बाळबोध शब्दांत: इथे सूर ओढला, तिथे हलवला, इथे तबला, तिथे मृदंगम, इथे मागे पेटी, तिथे व्हायोलिन. पहिल्या दिवशी माझ्या वहीत चारच ओळी होत्या आणि त्यातली एक "त्यांचा लय वेगळा" अशी निरर्थक होती. पण लिहिल्यामुळे काय कळत नाही ते कळलं.

दुसरी पायरी: ओळखीचे राग, आणि नावांचे चकवे

आता सहा जोड्या पाठ करा. मोहनम म्हणजे आपला भूप. हिंदोलम म्हणजे मालकंस. कल्याणी म्हणजे यमनाचे स्वर. शुद्ध सावेरी म्हणजे दुर्गा, चक्रवाकम म्हणजे अहीर भैरव आणि आभेरी म्हणजे भीमपलासाच्या अगदी जवळची. सातवी जोडी पाठ करावी लागत नाही, कारण हंसध्वनी दोन्हीकडे हंसध्वनीच आहे. तो मूळचा तिकडचा. भेंडीबाजार घराण्याच्या अमान अली खाँसाहेबांनी तो आपल्याकडे रुजवला. कीरवाणी, चारुकेशी, आभोगी हेही तिकडूनच आलेले पाहुणे, आता घरचेच झालेले.

नावांवर मात्र विसंबू नका. त्यांचा हिंदोलम आपला मालकंस, पण आपला हिंदोल हा वेगळाच राग. त्यांची तोडी लावली आणि आपल्या तोडीची वाट पाहत बसलात तर फसाल, कारण तिचे स्वर आपल्या भैरवीचे आहेत. आपल्या तोडीच्या स्वरांना ते शुभपंतुवराळी म्हणतात. त्यांच्या भैरवीत रिषभ शुद्ध असतो. आणि श्री रागाचं तर विचारूच नका, दोन्हीकडच्या श्रीमध्ये नावापलीकडे फारसं नातं नाही. वेळेचं बंधनही तिकडे आपल्यासारखं पाळत नाहीत. संध्याकाळच्या मैफलीत अहीर भैरवाचे स्वर ऐकून मी दचकलो होतो, शेजारी बसलेले मात्र मजेत मान हलवत होते.

सुरुवातीसाठी माझी निवड: हिंदोलममधली, त्यागराज या थोर रचनाकारांची "सामजवरगमना". पंधरा दिवस. मालकंस कानात असल्यामुळे सूर कुठे चाललाय ते कळतं आणि सगळं लक्ष तो कसा चाललाय याकडे देता येतं. त्यानंतर हंसध्वनीतली मुत्तुस्वामी दीक्षितरांची "वातापि गणपतिम्". ही संस्कृतात आहे, गणपतीची आहे, तेव्हा मराठी माणसाला परकी वाटायचं कारण नाही. मैफलीच्या आरंभी ती इतक्या वेळा गातात की एवढी एक येत असली तरी कुठल्याही सभागृहात तुम्ही अगदीच परके ठरत नाही.

तिसरी पायरी: हात

माझ्या मते सगळ्यांत मोठी अडचण सुरांची नाही, तालाची आहे, आणि बहुतेक जण नेमकी हीच पायरी गाळतात.

आपण ठेक्यावर वाढलो. तबलजी "धा धिं धिं धा" वाजवत राहतो आणि त्या ठेक्यावरून आपल्याला कळतं की आपण तालात कुठे आहोत. खाली आली, आता सम येणार. मृदंगम असा ठेका धरत नाही. तो गाण्याबरोबर चालतो, ओळीच्या वळणांना साथ देतो, मध्येच गप्प बसतो, मध्येच ओळीचं वजन उचलून दाखवतो. मग ताल कुठे असतो? गायकाच्या हातात. अक्षरशः. मांडीवर उजवा हात पडत असतो, बोटं मोजली जात असतात. समोरच्या रांगांतले निम्मे श्रोतेही तेच करत असतात. ध्वनिमुद्रणात तो हात दिसत नाही. म्हणून नवख्याला वाटतं की पायाखाली जमीनच नाही.

उपाय एकच, आपला हात वापरायचा. आदिताल आठ मात्रांचा. पहिल्या मात्रेला तळवा मांडीवर. दुसरीला करंगळी, तिसरीला अनामिका, चौथीला मधलं बोट. पाचवीला पुन्हा तळवा, सहावीला हात उलटा. सातवीला तळवा, आठवीला हात उलटा. चार, दोन, दोन. लोकलमध्ये बसायला मिळालं की करायचं. पहिले दोन दिवस शेजारचा प्रवासी संशयाने बघतो, पण डोंबिवली-दादर एवढ्या अंतरात हात बसतो. विलंबित रचनेत हीच प्रत्येक खूण दोनदा देतात. मोजणी चुकतेय असं वाटलं तर आधी ही शक्यता तपासा.

हात बसला की "वातापि" लावा आणि हाताने ताल धरा. लगेच एक गंमत दिसेल. अनेक कृतींची ओळ समेवर सुरूच होत नाही. ती समेनंतर अर्ध्या मात्रेने किंवा दीड मात्रेने उठते. या उठण्याच्या जागेला ते एडुप्पु म्हणतात. आपल्याकडे मुखडा आधी उठतो आणि समेवर येऊन विसावतो, आणि तिथे आपण "वाहवा" म्हणतो. तिकडे सगळा खेळ त्या उठण्याच्या जागेवर असतो. गायक सरगम घेत घेत कुठेही गेला तरी त्याला नेमक्या त्या अर्ध्या मात्रेवर परत यायचं असतं. हे एकदा हाताला कळलं की आधी ज्याला मी "गणित" म्हणून नाक मुरडायचो तिथे श्वास रोखून बसायला लागलो.

इथेही एक चकवा आहे. आपला रूपक सात मात्रांचा. त्यांचं रूपकम सहाचं, आणि बहुधा तीनच खुणांत मोजतात: तळवा, तळवा, उलटा. आपल्या रूपकाच्या जवळचा त्यांचा ताल म्हणजे मिश्र चापु, तीन अधिक चार.

चौथी पायरी: हलणारा सूर

आता ती जुनी तक्रार, सुरावर टेकत नाहीत ही.

हिंदुस्थानी गाण्यात सुराचा लगाव स्थिर असतो. किराणा घराण्याचा षड्ज लागला की सभागृह शांत होतं. मींड आहे, आंदोलन आहे, पण ते अलंकार म्हणून, जागा पाहून. कर्नाटक संगीतात गमक, म्हणजे सुराचं हलणं, हा वरून चढवलेला दागिना नाही. काही रागांत काही स्वर हलतच असतात आणि ते हलणं हाच तो स्वर. त्यांच्या तोडीतला गांधार पेटीवर दाबून दाखवता येणार नाही. तो खालून वर, वरून खाली असा झोका घेतो आणि त्या झोक्याच्या मधोमध कुठेतरी गांधार आहे असं आपण समजायचं. म्हणून तिकडे पेटी चालली नाही आणि व्हायोलिन चाललं.

व्हायोलिन हे परदेशी वाद्य. कर्नाटक संगीतात ते आणण्याचं श्रेय मुत्तुस्वामी दीक्षितरांचे धाकटे भाऊ बालुस्वामी यांना देतात. वादक मांडी घालून बसतो आणि वाद्याचं टोक पायाच्या घोट्यावर टेकवतो, त्यामुळे डावा हात मोकळा होऊन तारेवरून घसरू शकतो. त्या घसरण्यातून गमक निघते.

कानाला ही सवय लावायला मी जो क्रम लावला तो असा. आधी बासरी ऐका, गाणं नको. टी. आर. महालिंगम, ज्यांना सगळे माली म्हणतात, त्यांची बासरी. शब्द नसल्यामुळे सुराची चाल उघडी पडते. मग गाण्यात एम. डी. रामनाथन. अतिशय खर्जातला आवाज, अतिशय संथ गती. घाईची तक्रार असणाऱ्या हिंदुस्थानी श्रोत्याला याच्याइतका चांगला औषधी काढा नाही. आणि कान थोडा तयार झाला की टी. एन. राजरत्नम पिल्ले यांच्या नागस्वरमवरची तोडी. नागस्वरम म्हणजे सनईचा थोरला, दणदणीत भाऊ, देवळाच्या आवारात वाजवायचा. घरात आवाज कमी ठेवा, नाहीतर सोसायटीत चौकशी होते.

मालकंसाचा हात धरून आत आलात हे ठीक. पण या पायरीवर तो हात सोडायचा. हिंदोलम ऐकताना मनात मालकंस वाजत राहिला तर प्रत्येक हलता धैवत "चुकलेला" वाटेल. मी बराच काळ असाच ऐकत होतो, एका कानाने त्यांचं आणि दुसऱ्या कानाने आपलं, आणि मनातल्या मनात गुण देत होतो. त्यातून काही हाती लागत नाही. मी सरळ महिनाभर हिंदुस्थानी ऐकणं बंद ठेवलं. जालीम उपाय आहे, पण लागू पडला.

पाचवी पायरी: कृती आतून कशी असते

पल्लवी, अनुपल्लवी, चरणम असे तीन भाग. पल्लवी म्हणजे आपली स्थायी समजा, अनुपल्लवी वरच्या सुरांत जाते, चरणात बहुधा रचनाकाराची मुद्रा येते. त्यागराज स्वतःचं नाव घालतात, दीक्षितर "गुरुगुह", श्यामा शास्त्री "श्यामकृष्ण". मुद्रा ऐकू आली की रचना कुणाची ते सांगता येतं, आणि एवढ्या एका गोष्टीवर शेजाऱ्यांवर छाप पडते.

त्यागराजांच्या कृतीत एकच ओळ पुन्हा पुन्हा येते आणि दर वेळी थोडी पुढे सरकते. याला संगती म्हणतात. आपल्याला वाटतं गायक सुचेल तसं गातोय, पण यातलं पुष्कळसं गुरूकडून जसंच्या तसं आलेलं असतं. उत्स्फूर्त भाग वेगळे असतात. कृतीआधीची रागालापना, एखाद्या ओळीवर घोळून केलेलं नेरवल आणि मग कल्पनास्वरम, म्हणजे सरगम. अब्दुल करीम खाँसाहेबांची सरगम आवडत असेल तर कल्पनास्वरम परकं वाटणार नाही, आणि त्याला कारण आहे. मिरजेचे खाँसाहेब म्हैसूर दरबारी जात, दक्षिणेतलं गाणं मन लावून ऐकत. त्यागराजांच्या खरहरप्रियेतल्या "राम नी समानमेवरु" या कृतीची त्यांची ध्वनिमुद्रिका उपलब्ध आहे. खरहरप्रिया म्हणजे आपला काफी थाट. ती मुद्रिका आणि मग एखाद्या कर्नाटक गायकाची तीच कृती, असे पंधरा दिवस जरूर घालवा. १९३७ साली खाँसाहेब गेले तेही दक्षिणेतच, पाँडिचेरीच्या वाटेवर सिंगपेरुमाळ कोईलच्या रेल्वे स्थानकात.

शब्दांचं काय करायचं? त्यागराजांची भाषा तेलुगू. अर्थ कळला पाहिजे असा हट्ट सुरुवातीला नको, पण प्रत्येक कृतीचा एका ओळीतला आशय माहीत असू द्या. "निधि चाल सुखमा" याचा अर्थ, निधी म्हणजे धन हे मोठं सुख, की रामाची सन्निधी? निधी आणि सन्निधी, ही कोटी मराठी कानालाही लगेच लागते. कल्याणी रागातली ही कृती मिश्र चापुत आहे, म्हणजे यमनाचे स्वर आणि सात मात्रा, तुमच्या तिसऱ्या पंधरवड्यासाठी अगदी योग्य.

या कृतीची आख्यायिका आपल्याशी जोडलेली आहे. तंजावरच्या राजाने दरबारात गाण्यासाठी नजराणा धाडला, तो नाकारून त्यागराजांनी ही कृती रचली असं सांगतात. तो राजा म्हणजे सरफोजी भोसले. त्यागराज, दीक्षितर आणि श्यामा शास्त्री तिघेही तिरुवारूरचे, तिघेही १७६० ते १७८० या वीस वर्षांत जन्मलेले, आणि त्या मुलखावर तेव्हा मराठ्यांचं राज्य होतं. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांच्यापासून १८५५ पर्यंत तंजावर भोसल्यांकडे होतं. त्यांतल्या शहाजी राजांनी तेलुगूत नाट्यरचना केल्या, तुळजा राजांनी "संगीत सारामृत" हा शास्त्रग्रंथ लिहिला. मराठी कीर्तनकार तिथे गेले आणि त्यांच्या कीर्तनातून तमिळ हरिकथेने आकार घेतला. आजही हरिकथेत साकी, दिंडी, ओवी ही नावं तशीच ऐकू येतात. पाहुणचार दोन्हीकडून झाला. किर्लोस्करांच्या नाटकांतल्या काही पदांना कर्नाटकी चाली आहेत, आणि आपले दहा थाट मांडण्याआधी भातखंडे १९०४ साली दक्षिणेत फिरून आले, एट्टयपुरमला सुब्बराम दीक्षितरांना भेटले, तिथली बहात्तर मेळांची, म्हणजे तिकडच्या थाटांची, व्यवस्था त्यांनी अभ्यासली. तेव्हा शेजारच्या घरातून येणारं गाणं आपलं कुणीच नाही असं मी बारा वर्षं समजत होतो, ते काही खरं नव्हतं.

कोणाला ऐकावं

याद्या देणार नाही म्हटलं तरी चार नावं द्यावीच लागतात. एम. एस. सुब्बुलक्ष्मींपासून सुरुवात करायला सगळे सांगतात आणि ते बरोबरच आहे. उच्चार स्वच्छ, सूर निर्मळ. अन्नमाचार्यांची "भावयामि गोपालबालम्" संस्कृतात आहे, यमुनाकल्याणीत आहे, म्हणजे आपल्या यमनकल्याणाच्या शेजारची. बालमुरलीकृष्णांचा आवाज ऐकायला सोपा, मुलायम. भीमसेनांबरोबर त्यांच्या जुगलबंद्याही झाल्या आहेत, पण माझं ऐकाल तर जुगलबंदीने सुरुवात करू नका. तिथे दोघेही एकमेकांना सांभाळून घेत असतात आणि आपण पुन्हा आपल्याच माणसाकडे कान लावून बसतो. डी. के. पट्टम्माळ, मदुरै मणी अय्यर यांच्याकडे दुसऱ्या महिन्यात वळा. मृदंगमसाठी पालघाट मणी अय्यर. मेंडोलिनवाले यू. श्रीनिवास आणि सॅक्सोफोनवाले कद्री गोपालनाथ यांना घरातल्या तरुण मुलांसमोर लावा, वाद्य ओळखीचं असल्याने ती पाच मिनिटं तरी थांबतात.

आजच्या पिढीत मुंबईत वाढलेल्या बॉम्बे जयश्री, अरुणा साईराम आणि रंजनी-गायत्री या भगिनी आहेत. शेवटच्या दोन नावांकडून तर तुम्हाला चक्क मराठी अभंग ऐकायला मिळतील, आणि तेही चेन्नईच्या सभागृहात, तमिळ श्रोते टाळ्यांचा ठेका धरत असताना. उच्चारात एखादा "ळ" इकडचा तिकडे होतो. तेवढं सोडून द्या.

सहावी पायरी: कचेरीला जा

मैफलीला ते कचेरी म्हणतात. कोर्टकचेरीशी तिचा संबंध नाही, कागदपत्रं न्यावी लागत नाहीत. मुंबईत माटुंगा-शीवकडचं षण्मुखानंद आणि चेंबूरची फाइन आर्ट्स सोसायटी ही दोन ठिकाणं पक्की. डिसेंबरात जमलं तर चेन्नई. मार्गळीच्या त्या महिन्यात शहरभर सभांचे, म्हणजे तिथल्या संगीतसंस्थांचे, कार्यक्रम असतात, दुपारपासून रात्रीपर्यंत, आणि काही कार्यक्रम फुकट असतात. सभेच्या उपाहारगृहाबद्दल लोक गाण्याइतक्याच गांभीर्याने बोलतात. मी एका दुपारी केवळ डोशासाठी एका सभेत शिरलो आणि तिथे ऐकलेला शंकराभरणम राग अजून डोक्यात आहे.

आज आपण पाहतो तो कचेरीचा आराखडा अरियकुडी रामानुज अय्यंगारांनी घडवला. अडीच-तीन तास. आधी वर्णम, गळा आणि वाद्यं तापवायला. मग गणपती किंवा तशी एखादी छोटी कृती. मग दोन-चार मध्यम आकाराच्या. साधारण मध्यावर मुख्य राग येतो: सविस्तर आलापना, तीच वाट व्हायोलिनवर, कृती, नेरवल, कल्पनास्वरम आणि शेवटी तनि आवर्तनम, म्हणजे फक्त तालवाद्यं. मृदंगम आणि घटम (मातीचा घडा) आळीपाळीने वाजवतात, तुकडे लहान लहान होत जातात, मग दोघे एकत्र येतात आणि आपल्या तिहाईच्या धर्तीची तीनदा येणारी रचना वाजवून नेमकं कृतीच्या ओळीच्या उठण्याच्या जागी गायकाच्या हाती सोपवतात.

तनि सुरू झाली की पुष्कळ लोक कॉफीला उठतात. ही तिथली जुनी वाईट खोड आहे. पहिल्या कचेरीत मीही त्यांच्याबरोबर उठलो, मध्यंतर झालं असं समजून. परतलो तेव्हा शेजारचे आजोबा काही बोलले नाहीत, फक्त माझा हात उचलून माझ्याच मांडीवर ठेवला आणि त्यांच्या बोटांकडे बघ अशी खूण केली. तुम्ही उठू नका. हाताने ताल धरून बसा. चुकेल, पुन्हा पकडा. शेजाऱ्याच्या हाताकडे चोरून पाहायला कुणाची हरकत नसते.

राग ओळखण्याचा खेळ प्रेक्षागृहात सतत चालू असतो. आलापना सुरू होताच कुजबूज होते. तुम्हाला येत नसेल तर शेजाऱ्याला विचारा. नाव तर सांगतीलच, शिवाय त्याच रागातल्या तीन कृती आणि १९५०च्या दशकात ती कुणी कशी गायली हेही ऐकायला मिळेल. एक खबरदारी मात्र घ्या: "हा आमचा मालकंस ना?" असं विचारू नका. मी विचारलं होतं. "हिंदोलम," एवढंच उत्तर आलं आणि पुढचा अर्धा तास कुणी माझ्याशी बोललं नाही.

मुख्य रागानंतर सगळं सैलावतं. भजनं, पदम आणि जावळी या शृंगारिक रचना, आपल्या तराण्याच्या जातीचा तिल्लाना, आणि नशीब असेल तर अभंग. पुढे सौराष्ट्रम रागात "पवमान" सुरू होईल. ते मंगलम. आपल्याकडे भैरवी झाली की लोक चपला शोधायला लागतात, तिकडेही लागतात. पण ते दोन मिनिटांचं असतं आणि तोवर आदिताल तुमच्या हाताला सवयीचा झालेला असतो, तेव्हा ते संपेपर्यंत बसून राहा.